गाणं आपलं, डोंगर आपला

(द्राक्ष-कांद्याच्या कामाला विंचूरला आलेल्या मजुरांच्या मुक्कामी, विद्यार्थ्यांच्या नाच-गाण्याच्या फेरीतल्या एका मुलीने केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवून घेतलं आहे.)



दिवसभर तुम्ही बागेत उभे होता, कोणी वाफ्यात कांदे लावायला वाकलेलं होतं. कंबर दुखते, मला माहीत आहे. मी पण सुट्टीत हेच काम करते. म्हणून लांबण लावत नाही. नंतर नाचायचं आहेच.

पहिलं सांगते, आम्ही कोण. आम्ही सुरगाणा, पेठ, कळवणकडची कॉलेजात शिकणारी मुलं. कोकणा आहेत, वारली आहेत, महादेव कोळी आहेत, भिल्ल आहेत. सुट्टीत गावोगाव फिरतो. एका गावात रात्र काढायची, तिथली गाणी-नाच शिकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात तो करून दाखवायचा. आमचा साहेब नाही, कंत्राटदार नाही. खर्चाची वही आमची आम्ही लिहितो आणि निघताना गावासमोर वाचून दाखवतो. बक्षीस ठेवत नाही. नंबर काढला की एक गाव वर जातं, दुसरं खाली. ते आपल्याला नको.

हे का सुरू केलं? शाळेत असताना गॅदरिंगला आम्हाला झाडाची पानं बांधून नाचायला लावलं. तोंडाला काळं फासलं, आणि टेपवर सिनेमातलं गाणं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई पाठीमागं बसली होती. घरी जाताना म्हणाली, "बाई, आपल्या गावात कोण पानं बांधतं गं?" मला उत्तर आलं नाही. गावात पावरी वाजायची तेव्हा मी वसतिगृहात होते. माझा नाच मला येतच नव्हता.

असं फिरणं काही आम्ही नवं काढलेलं नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणगावापासून खेड्यापर्यंत गेले. सेवा दलाच्या तरुणांचं कलापथक महाराष्ट्रभर फिरलं. तिकडे शहाद्याला अंबरसिंग सुरतवंतींनी भजनी मंडळांतून भिल्ल बांधवांना एकत्र केलं. १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली ती गेलेल्या जमिनी मागतच. म्हणजे आधी माणसं गाण्याला जमली, मग जमिनीला.

पण आमच्या फेरीत एक फरक आहे. ते नवी गाणी घेऊन जायचे. आम्ही रिकाम्या हातानं जातो. गाणी तुमच्याकडेच आहेत.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली, तीही सांगते. भाड्यानं मोठे स्पीकर नेले. एका पाड्यावर म्हातारे बाबा पावरी घेऊन आले. दुधी भोपळा, बांबू, पुढं बैलाचं शिंग, घरी केलेली पावरी. आमच्या आवाजात ती कोणाला ऐकूच आली नाही. बाबा गप उठले आणि गेले. त्यांच्यामागं बायका गेल्या. आम्ही आमच्याच स्पीकरसमोर उभे. त्या दिवसापासून माइक बंद. आता जिथपर्यंत पावरी ऐकू येते तिथपर्यंतच माणसं बसतात.

आता खरी गोष्ट. एका गावात थाळकथा ऐकली. काशाच्या थाळीला मेण लावून काडी उभी करतात, ती बोटांनी ओढली की थाळी घुमते. एक आजोबा रात्रभर सांगत होते. देव कुठून निघाला, कोणत्या झऱ्यावर पाणी प्याला, कोणत्या खडकावर बसला, कोणत्या खळ्यावर कणसरीला भेटला. आमच्यातला एक पोरगा वहीत नावं लिहीत गेला. सकाळी मोजली तर सतरा जागा. आजोबांना म्हटलं, "ह्या जागा खऱ्या आहेत का?" ते हसले. काठी घेतली आणि पुढं चालायला लागले. झरा होता. जुनं खळं होतं. वाघदेवाचा दगड होता. नकाशावर त्या सगळ्या डोंगराला नुसता कक्ष क्रमांक आहे. एक नाव नाही.

इथं विंचूरला सरदार होते, विंचूरकर. त्यांची जहागीर कोणती, गावं किती, हे पेशव्यांच्या दफ्तरात लिहिलेलं आहे. आपलं दफ्तर कुठं आहे? ते थाळीत आहे, पावरीत आहे. दफ्तर सांभाळणारी माणसं मात्र आज इथं कांदे लावतायत.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. नियम १३ मध्ये पुरावे सांगितले आहेत. त्यात दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं म्हणणं चालतं. विहीर, स्मशान, देवाची जागा ह्या खुणा चालतात. नुसता दंडाचा कागद पाहिजे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पण हेही नीट ऐका, एका पुराव्यावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात. आणि गाणं म्हटलं म्हणून दावा मंजूर होत नाही. गाण्यातली जागा पायी जाऊन बघायची, आजोबांचं म्हणणं लिहून त्यांचा अंगठा घ्यायचा, वनहक्क समितीनं पंचनामा करायचा, ग्रामसभेचा ठराव करायचा. तेव्हा ते कागदावर उभं राहतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव आधी वर्षानुवर्षं एकत्र बसत होतं, म्हणून मिळाला.

एका ठिकाणी एक काकू म्हणाल्या, "हे गाणं देवाचं आहे, वहीत घालू नको." आम्ही वही मिटली. कागदासाठी सगळंच उघडं करायचं नाही. काय लिहायचं ते गावानं ठरवायचं.

मग आम्ही इथं विंचूरला का आलो? डोंगर तर तिकडे आहे. कारण भात-नागली निघाली की अर्धं गाव उचल घेऊन इकडे येतं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देव बसतो, तेव्हा पावरीवाला बागेत असतो. माझ्या मामाच्या गावात पडताळणीला माणसं आली तेव्हा घराला कड्या होत्या. म्हातारी तेवढी होती, तिला कोणी विचारलं नाही. मामाच्या नावापुढं शेरा पडला, कब्जा दिसत नाही. मामा इथं तुमच्यासारखाच दुसऱ्याच्या बागेत होता. दहा गुंठ्यांत नागली पिकवणारा माणूस कागदावर नाहीच.

म्हणून तुमच्याकडे तीन मागणी आहेत. एक, ज्याचा दावा नामंजूर झाला किंवा कमी क्षेत्र मिळालं, त्यानं आज रात्री आमच्या वहीत गावाचं नाव सांगा. निर्णय कळल्यापासून अपिलाला साठ दिवस असतात, झोपून राहू नका. दोन, होळीला घरी जाल तेव्हा आपल्या म्हाताऱ्या माणसांना डोंगरावर घेऊन जा, जागांची नावं विचारा. पोरांना बरोबर न्या. तीन, पोरीला पण पावरीजवळ बसू द्या. मला पहिल्यांदा नको म्हणाले होते. मग आजोबा म्हणाले, "पोरं इंजिनियर होतील, कोणीतरी शिकू दे." आता शिकते आहे. श्वास पुरत नाही अजून.

त्या कोपऱ्यातल्या झोपडीत एक पावरी टांगलेली आहे. मी मघाशी बघितली. यंदा ती वाजली नाही, असं बाबा म्हणाले. देवाच्या सुरावर आज वाजवायची नाही, ती वेळ गेली. त्याचा मान ठेवू. पण नाचाचा सूर चालेल असं ते स्वतःच म्हणाले. तेव्हा बाबा, या. बाकीच्यांनी हात धरा. मध्ये जागा ठेवू नका.

जोहार! जंगल-जमीन आपल्या हक्काची!