डोंगरी बुजुर्गचं मँगनीज आणि यंत्राचा हात



भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं काळं खनिज आपण इतकं पाहिलं आहे, की आता त्याच्याकडे लक्षही जात नाही. मँगनीज पोलादाला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या खाणीत मँगनीज डायऑक्साइडही मिळतो आणि तो ड्राय सेलच्या कारखान्यांना जातो. टॉर्चचा सेल फोडला तर बाहेर जस्ताचा डबा, मधोमध कार्बनची कांडी आणि दोहोंच्या मध्ये काळा भुगा दिसतो. त्या भुग्यात असतो तो हा डायऑक्साइड.

ही खाण चालवणाऱ्या 'मॉयल' कंपनीने इथे देशी तंत्रावर इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही उभारला. या पद्धतीत खनिज भाजतात, गंधकाम्लात विरघळवतात, लोखंडासारखे नको ते धातू काढून टाकतात आणि गरम द्रावणातून वीज सोडतात. मग शुद्ध डायऑक्साइड धनाग्रावर थराथराने जमतो. यातल्या मधल्या टप्प्याकडे बघा. गंधकाम्लात विरघळलेलं मँगनीज म्हणजे मँगनीज सल्फेट. विजेच्या गाड्यांच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटऱ्यांना नेमकं हेच लागतं, फक्त कितीतरी जास्त शुद्ध. आज जगातलं असं बहुतेक सल्फेट चीनमध्ये तयार होतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं काढणं हा त्यातला अवघड भाग. आपल्या जिल्ह्याला करण्याजोगं संशोधन इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता अशा बॅटऱ्यांचे सेल जुळवणाऱ्या यंत्रमानवाकडे येऊ. लिथियम सेलमध्ये तांब्याचा पातळ पत्रा असतो, बहुधा सहा ते दहा मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड. लेप दिलेले असे पत्रे, मध्ये विभाजक पडदा घालून, एकावर एक रचतात किंवा आपल्याकडे विडी वळतात तसे गुंडाळतात. ऋण बाजूचा पत्रा धन बाजूपेक्षा चहूकडून किंचित मोठा ठेवावा लागतो. तो सरकला तर काठावर लिथियम धातू साचतो. पत्रा लवचीक, त्यामुळे हवेच्या ओढीने उचलताना त्याला सुरकुती पडते. ती न पाडता तो उचलायचा कसा, कॅमेऱ्याने कडा मोजून वेगात अचूक ठेवायचा कसा, यावर जगभर संशोधन चालू आहे.

माणसाला तिथून दूर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. बहुतेक सेलच्या द्रावणातलं लिथियमचा क्षार पाण्याच्या वाफेशी भिडला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. म्हणून जुळणी अतिशय कोरड्या खोलीत करतात, आणि माणूस तर प्रत्येक श्वासाबरोबर ओल सोडतो.

चूक किती लहान पुरते? 2016 मध्ये सॅमसंगच्या काही नोट 7 फोननी पेट घेतला. पुढच्या जानेवारीत कंपनीने कारणं सांगितली: एका पुरवठादाराच्या सेलमध्ये कोपऱ्यात इलेक्ट्रोड वाकलेला, दुसऱ्याच्यात वेल्डिंगचे टोकदार उंचवटे. धातूचा एक कण पडदा भेदू शकतो. त्यामुळे शुद्धतेचं काम खाणीतल्या भुकटीपासूनच सुरू करावं लागतं. अशुद्ध माल पुढे कितीही हुशार यंत्राच्या हाती दिला, तरी यंत्र तो शुद्ध करत नाही.

गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात 1982 पासून कामगार नेमकी मापं राखत आले आहेत. मायक्रॉनची भाषा या जिल्ह्याला नवी नाही. यंत्रमानवाची पकड, त्याचा कॅमेरा, त्याची मोटर बिघडल्यावर दुरुस्त करणारी माणसं लागतीलच. म्हणून माझी मागणी साधी आहे: आपल्या आयटीआयमध्ये यंत्रमानवाच्या देखभालीचं शिक्षण सुरू व्हावं, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सल्फेटच्या शुद्धीकरणावर काम करण्यासाठी डोंगरी बुजुर्गचं खनिज मिळावं. पहिला प्रयोग कॅल्शियम काढण्याचा असावा. त्याला कोरडी खोली लागत नाही, महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरते.