घरातील हवा आणि सुवास

पाहुणे यायचे असले म्हणजे पुष्कळ घरांतून आधी केर निघतो आणि मागोमाग उदबत्ती लागते. खोली दरवळते, हवा शुद्ध झाली असे सर्वांना वाटते. वस्तुतः हवेत जे होते ते तसेच असते, वर धुराची भर पडलेली असते. उदबत्तीच्या आणि धुपाच्या धुरातील अतिसूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर शिरतात. दमेकऱ्याला आणि तान्ह्या मुलाला त्यांचा उपसर्ग अधिक. देवापुढे धूप जाळू नये असे नव्हे, पण तेवढा वेळ खिडकी उघडी असावी.

हवा ताजी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तिला जाण्यास वाट देणे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, हे जुन्या गवंड्यांना चांगले ठाऊक होते. स्वयंपाकघराच्या छपराला धुराडे असे ते त्यासाठीच. आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात समोरासमोरच्या खिडक्या एकाच वेळी उघडाव्यात. खिडकी एकच असेल, तर तिची वरची आणि खालची अशी दोन्ही झडपे उघडावीत; खालून गार हवा येते, वरून ऊन हवा निघून जाते. दिल्ली-कानपूरकडे हिवाळ्यात बाहेरचीच हवा धुरकट असते. तेथे पहाटेपेक्षा दुपार बरी.

वैशाखात नागपूरकडे दारावर वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपडतात. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते आणि गारव्याबरोबर मुळांचा मंद सुगंध आत येतो. धूर नाही की राख नाही. मुंबईच्या दमट हवेत मात्र हा थाट व्यर्थ होय. तेथे आधीच ओल फार, आणि कुबट वास येतो तो बुरशीचा. त्यावर गळती बंद करणे, भिंतीला चुन्याचा हात देणे आणि गाद्यांना ऊन दाखवणे हेच उपाय. कपाटातील आंबूस वासाला वाटीभर खाण्याचा सोडा पुरतो. खोलीला पुरत नाही.

कुंडीतील रोपे हवा शुद्ध करतात, हा समज अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ सालच्या अहवालापासून पसरला. ते प्रयोग बंद पेट्यांतील होते. पुढे २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा दिसले की खिडकीच्या फटींतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करावयास चौरस मीटरमागे निदान दहा रोपे लागतील, कदाचित शेकडोही. रोपे शोभेसाठी अवश्य लावावीत.

यापेक्षा गंभीर गोष्ट निराळीच आहे. उत्तरेकडील थंडीत दारे लावून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन निजतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. नाकाला काहीच कळत नाही आणि निजलेला माणूस जागा होत नाही. शेगडी निजण्यापूर्वी बाहेर नेऊन ठेवावी, आणि ती पेटलेली असेपर्यंत खिडकी उघडी असावी, कितीही गारठा असला तरी.