विस्मरणाची चाचणी आणि खोडाळ्याचे पाडे

(कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या रोगाचे वर्णन केले, त्याचे पक्के निदान कित्येक दशके मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच होई. पुढे पाठीच्या कण्यातील द्रव सुईने काढून, किंवा महागड्या पेट स्कॅनने, जिवंतपणी माग लागू लागला. आता रक्तावरूनही तो लागतो. अमायलॉइड-बीटा हे प्रथिन मेंदूत साचत गेले की त्याचा ४२ क्रमांकाचा प्रकार रक्तात घटतो आणि टाऊ-२१७ नावाचे दुसरे प्रथिन वाढते. या दोहोंच्या गुणोत्तरावर आधारलेल्या चाचणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. ही विज्ञानाची खरी कमाई आहे. श्रीमंतांचे चोचले म्हणून समाजवाद्यांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडू नये.

कारण रोग श्रीमंतांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. प्रमाण खेड्यांत, स्त्रियांत आणि निरक्षरांत अधिक. मोखाडा तालुक्यातील कितीतरी म्हाताऱ्या या तिन्ही रकान्यांत बसतात.

पण त्यांचे विसरणे कोणाच्या ध्यानी यावे? दिवाळी सरली की मुलगा-सून वीटभट्टीवर जातात. पाड्यावर म्हातारी उरते. भाकर करपली, रानातून येताना वाट चुकली, तर 'म्हातारचळ लागला' म्हणून विषय मिटतो. आणि ही चाचणी तर लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी, तज्ज्ञाच्या तपासणीला जोड म्हणून आहे! म्हणजे यंत्राच्या आधी माणूस हवा. तो माणूस आशा कार्यकर्ती. तिच्या हाती निरक्षरांना लागू पडणारी प्रश्नावली हवी. वारली बोलणाऱ्या बाईला आजची तारीख विचारून काय कळणार? हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदीत अशी प्रश्नावली तयार झाली होती. काम अशक्य नाही.

शिवाय बी-१२ जीवनसत्त्वाची वा थायरॉइडची उणीव असली तरी विसरणे वाढते, आणि ते बरे होऊ शकते. मूत्रपिंडाच्या विकारात टाऊचा आकडाही फसवा चढतो. खर्चाचा क्रम यावरून ठरतो: आधी या साध्या तपासण्या, मग प्रथिनांची. लेकानेमॅब या औषधाचा अमेरिकेतील वार्षिक दर २६,५०० डॉलर ठेवला गेला, आणि तेही रोगाची गती मंद करते, रोग हटवीत नाही.

मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईकडे जाते. उद्या पाड्यांवरील रक्ताच्या कुप्याही त्याच दिशेने जातील. त्यांचा अहवाल खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परत यावा, तो रुग्णाच्या भाषेत समजावला जावा, आणि निकालाची सीमारेषा इथल्या लोकांच्या रक्तावर पारखून घेतली जावी, ही मागणी पालघर जिल्हा परिषदेपुढे आजच ठेवावयास हवी.