दहा इंची चाक आणि छत्रांची वाट

१८२० साली तंजावरचे सरफोजी महाराज काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे ३ हजार माणसांचा लवाजमा होता. त्या यात्रेवर मराठीत लावण्या रचल्या गेल्या आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या पुढे छापूनही काढल्या. महाराज १८२२ मध्ये परतले. एवढ्या लोकांचे दोन वर्षांचे अन्न, आजार, पाऊस, नदीचे उतार आणि चाकांची मोडतोड यांचा विचार निघण्यापूर्वीच कोणीतरी बसून केला असला पाहिजे. राजाच्या प्रवासाचे वर्णन करणारे पुष्कळ असतात. बैलगाडीचा आस तपासणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोठे आढळत नाही.

त्याच तंजावरातून आज एखादा गृहस्थ आपली जुनी स्कूटर घेऊन रामेश्वराकडे निघाला, तर आस तपासणारा तोच, वैद्य तोच आणि मुदपाकखानाही त्याच्याच पिशवीत. हमरस्त्याने जावयाचे असेल तर फारशी चिंता नाही. डांबरी सडक आता सर्वत्र झाली आहे. परंतु कावेरीच्या पाटांच्या बांधावरून, ओरत्तनाडूच्या तांबड्या मातीतून आणि पुढे समुद्रकाठच्या वाळूतून, म्हणजे जुन्या यात्रेकरूंच्या वाटेच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांनी जो जाऊ इच्छितो, त्याने निघण्यापूर्वी चार दिवस स्कूटरपाशी बसणे अगत्याचे आहे.

प्रथम ऋतूचा विचार. महाराष्ट्रातील माणूस पावसाळा म्हणजे आषाढ-श्रावण समजतो. तंजावरास मोठा पाऊस पडतो तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, ईशान्येच्या वाऱ्यांनी. त्यातच मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते. तोवर पाट भरलेले आणि बांध ओले. नदीकाठची माती गाळाची, चिकट. ती चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या बोटभर फटीत भरत जाते आणि अखेर चाक फिरेनासे होते. मोटारसायकलचे मडगार्ड उंच असते, म्हणून ती निभावून नेते. स्कूटरचे चाक मात्र पत्र्याच्या पोटात दडलेले. अशा वेळी काठीने माती उकरून काढण्यावाचून गत्यंतर नाही. यास्तव फेब्रुवारी उत्तम. एवढेच की, सांबा भाताची कापणी तेव्हा चाललेली असते आणि शेतकरी धान्य व पेंढा रस्त्यावरच पसरतात. पेंढ्याची एखादी काडी चाकाच्या आसाभोवती दोरीसारखी गुंडाळली जाते, पंख्याच्या जाळीत जाऊन बसते आणि इंजिनाची हवा कोंडते. दर मुक्कामाला वाकून ती जाळी पाहणे हे त्या ऋतूतले नित्यकर्म समजावे.

आता प्रत्यक्ष वाहनाकडे वळावे. बजाजची चेतक १९७२ साली निघाली. जुन्या घडणीची ही गाडी २००९ च्या सुमारास बंद झाली, आणि त्या नावाची विजेवर चालणारी नवी गाडी २०२० पासून रस्त्यावर आली. जुनी चेतक अजूनही कित्येक घरांच्या ओसरीत उभी असते. तिचा मूळ पुरुष म्हणजे इटलीतील व्हेस्पा. ती १९४६ साली कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येतील अभियंत्याने रचली. मोटारसायकल त्याला आवडत नसे, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. युद्धाने उखडलेल्या रस्त्यांवर पंक्चर होणार हे धरूनच त्याने पुढचे चाक दोन्ही बाजूंनी न धरता विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. त्यामुळे मोटारीचे चाक काढावे तसे चार-पाच नट सोडून ते काढता येते. खराब रस्त्याचा विचार या वाहनाच्या जन्मातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पण त्याच जन्मात एक उणीवही आहे. चाक अवघे दहा इंचांचे. मोठे चाक खड्ड्यावरून निघून जाते, लहान चाक खड्ड्यात उतरते. हा भूमितीचा नियम आहे. कोणत्याही मिस्त्रीला तो बदलता यावयाचा नाही. तेव्हा सारी तयारी या दहा इंचांभोवती फिरते. टायर अर्धे झिजलेले असले तरी बदलावे, विशेषतः मागचे, कारण ओझे त्यावर असते. हवा मागच्या चाकात पुढच्याहून अधिक, आणि मागे माणूस बसणार असेल तर त्याहूनही अधिक. वाळूत शिरताना थोडी हवा सोडली की टायर पसरते आणि रुतत नाही. मात्र डांबरावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे, नाहीतर रिमचा काठ ट्यूब चावतो. म्हणून हातपंप बरोबर हवाच. पेट्रोलपंपावर हवा मिळेल या भरवशावर निघणाऱ्यांना पट्टुकोट्टैच्या पुढच्या वाटेने पुष्कळ शहाणपण शिकविले असेल.

जादा चाकाला आपल्याकडे सर्रास 'स्टेपनी' म्हणतात. हे नाव वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे आहे. तेथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक करावयास आरंभ केला. रस्त्याचे नाव चाकाला पडले आणि ते चाक हिंदुस्थानभर फिरले! ही स्टेपनी हवा भरून सज्ज असावी. ती नुसती शोभेची असते, हे पहिल्या पंक्चरलाच कळून येते, इतकी तिची उपेक्षा होते. दुसरी ट्यूब, पंक्चरच्या पट्ट्या, सोल्युशन आणि दोन टायरपाने निराळे बांधावेत. येथे एक गोष्ट जीवावरची आहे. या चाकाचे रिम दोन ताटल्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात तसे दोन भागांचे असते. काही नट चाकाला ड्रमशी धरतात, तर काही नट त्या दोन ताटल्यांना एकत्र धरतात. ट्यूबमध्ये हवा असताना चुकून हे दुसरे नट सोडले, तर ताटली उसळून माणसाच्या तोंडावर येते. चाक गाडीवरून उतरवावे, वाल्व्हमधून सारी हवा सोडावी आणि मगच रिमला हात घालावा. काळोखात, घाईत, मुले रडत असताना हा क्रम चुकतो. म्हणून तो घरच्या अंगणात दोनदा करून पाहावा.

यंत्राचे मर्म फारसे गूढ नाही. जुनी स्कूटर दोन आघातांच्या इंजिनाची. तिच्या पेट्रोलातच तेल मिसळावे लागते. प्रमाण शेकडा दोन, म्हणजे ५ लिटर पेट्रोलास १०० मिलिलिटर. खेड्यातल्या दुकानात बाटलीने पेट्रोल मिळते, तेल मिळतेच असे नाही. ते मोजून बरोबर न्यावे. तेल कमी पडले तर दट्ट्या तापून अडकतो आणि जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते. वाळूत पहिल्या-दुसऱ्या गेअरमध्ये दीर्घकाळ जावे लागल्यास इंजिन तापते, तेव्हा अर्धा तास झाडाखाली थांबण्यात काही कमीपणा नाही. दोन नवे प्लग, ते काढण्याचा पाना, पॉलिशकागदाचा तुकडा आणि कार्बुरेटरचे जेट फुंकण्याची सोय एवढे असले म्हणजे दहापैकी आठ बिघाड वाटेतच मिटतात. स्कूटर सुरू होईनाशी झाली की तिला आडवी कलती करण्याचा जो राष्ट्रीय उपचार आहे, तो कधी लागू पडतो आणि कधी पडत नाही. मात्र त्यापूर्वी प्लग पाहिलेला बरा.

केबलींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. क्लच, गेअर, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या तारा पत्र्याच्या आतून गेलेल्या असतात. तुटलेली तार ओढून काढली की नवी घालण्याची वाटच नाहीशी होते. जाणते मिस्त्री जुनी तार काढतानाच तिच्या शेपटाला दोरा बांधतात आणि त्याच दोऱ्याने नवी तार आत ओढून घेतात. निघण्यापूर्वी क्लच आणि गेअरच्या तारा नव्या घालाव्यात आणि जुन्या, चालू असलेल्या तारा गुंडाळून पिशवीत ठेवाव्यात. नवी वस्तू गाडीत आणि जुनी पिशवीत: हा क्रम उलटा करण्याचा मोह होतो, पण त्यात लाभ नाही.

कच्च्या रस्त्यावर मोठा शत्रू खड्डा नव्हे, तर कंप. शंभर किलोमीटरांत तो एकेक नट सैल करीत जातो. इंजिनाचा मुख्य बोल्ट, मागचा शॉक-ॲब्सॉर्बर, सायलेन्सरचा पट्टा, कॅरियरचे स्क्रू हे रोज सकाळी पान्याने चाचपावेत. ओझ्याविषयी मात्र बहुतेकांचे चुकते. सारे सामान मागच्या कॅरियरवर रचले की पुढचे चाक हलके होते, आणि आधीच लहान असलेले ते चाक वाळूत दिशा सोडून भरकटते. जड वस्तू पायाशी ठेवाव्यात, हलक्या मागे. इंजिन उजव्या बाजूस असल्याने थोडे वजन डावीकडे पडले तर तोल बरा राहतो.

आजच्या बिनगेअरच्या स्कूटरना पेट्रोलात तेल मिसळावे लागत नाही आणि बहुतेकींचे टायर बिनट्यूबचे असते. पंक्चर झाल्यास राळेची चिकट वात भोकात खोचली की भागते. त्यांचा दुबळा भाग म्हणजे रबरी पट्टा. तो तुटला की गाडी जागच्या जागी उभी, आणि तो बदलण्याचे काम रस्त्याकाठी सुखाचे नाही. पट्टा तपासून घ्यावा, हवेची गाळणी धुळीच्या प्रवासात लवकर बदलावी. याहून अधिक त्यांच्याविषयी सांगण्यासारखे नाही.

अशी तयारी अतिशयोक्तीची वाटेल. परंतु मैसूरचे डी. कृष्णकुमार यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. आपल्या आईने जवळचे बेलूर-हळेबीडही पाहिलेले नाही हे कळल्यावर त्यांनी नोकरी सोडली, आणि जानेवारी २०१८ मध्ये वडिलांनी दिलेल्या चेतक स्कूटरवर आईला बसवून ते निघाले. भारतातील तीर्थे, शिवाय नेपाळ, भूतान आणि म्यानमार पाहून २०२० मध्ये ते घरी परतले, तेव्हा ५६ हजारांहून अधिक किलोमीटर झाले होते. सत्तरीच्या घरातील माता मागच्या आसनावर बसलेली असताना शॉक-ॲब्सॉर्बर सैल आहे की घट्ट, हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही.

तंजावरहून ओरत्तनाडू वीसबावीस किलोमीटरांवर आहे. तेथे सरफोजी महाराजांनी आपल्या दिवंगत प्रियेच्या, मुक्तांबेच्या, नावाने १८०२ च्या सुमारास छत्र बांधले. त्याच्या मंडपाच्या पायाशी रथ ओढणारे घोडे आणि हत्ती दगडात कोरलेले आहेत. रामेश्वराच्या वाटेवर अशी छत्रे मराठे राजांनी ठिकठिकाणी उभारली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि या छत्रांच्या इनाम जमिनींचे काय होणार, हा प्रश्न पडला. १८०१ मध्ये महाराजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात छत्रांचा व्यवहार तपशीलवार मांडला आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस तेथे शिजवलेला भात मिळे आणि ज्यास तो नको त्यास कोरडा शिधा मिळे. आजाऱ्यास वैद्य आणि औषध, गरोदर स्त्रीस शुश्रूषा, अनाथ मुलास शिक्षण मिळे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजे आणि अजून कोणी उपाशी असल्यास त्याने यावे, असे पुकारले जाई.

ती वाट पट्टुकोट्टैवरून समुद्राकडे उतरते. मल्लिपट्टिनमजवळ नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ महाराजांनी बांधलेला मनोरा लागतो. पुढे मनमेलकुडी, मिमिसल. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'गज' वादळाने याच पट्ट्यातील नारळांची बने आडवी केली, तेव्हा आडव्या पडलेल्या झाडांनी रस्ते बुजून गेले आणि ज्यांच्यापाशी घरी धान्य, कंदील आणि कुऱ्हाड होती त्यांचेच दिवस सुसह्य झाले. आता मध्यरात्री घंटा वाजत नाही. स्कूटरवाल्याने ५ लिटर पाणी, भाजलेले शेंगदाणे, विजेरी आणि एक चादर यांचे छत्र आपल्याबरोबर न्यावे. दिवस मावळण्यापूर्वी तासभर आधी थांबण्याचे ठिकाण ठरवावे. अंधारात दहा इंचांच्या चाकाला खड्डा दिसत नाही आणि दिव्याचा उजेड इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो.

पांबनच्या खाडीवर १९८८ पर्यंत केवळ रेल्वेचा पूल होता. गाड्या मुख्य भूमीवर ठेवून माणसे आगगाडीने बेटावर जात. त्या वर्षी रस्त्याचा पूल खुला झाला आणि स्कूटर थेट रामेश्वरात जाऊ लागली. पुलावर वारा आडवा येतो. चढण्यापूर्वी मंडपमला थांबून वाळूसाठी सोडलेली हवा पुन्हा भरावी, मागचे ओझे थोडे पुढे घ्यावे आणि कडेच्या कठड्यापासून हातभर अंतर राखून सावकाश जावे.