बालकांची ज्ञानेंद्रिये आणि आपले घर
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो व तो उचितच आहे. ज्यांच्या सत्कारास अद्याप दहा-बारा वर्षांचा अवकाश आहे, अशा तीन ते सहा वर्षांच्या बालकांविषयी मी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच. छत्तीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, एवढीच पुंजी.

बालकास जगाची ओळख अक्षरांच्या कितीतरी आधी डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या द्वारा होते. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाची साधने तेथे वापरली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने अशा वस्तू घेतल्या. तेव्हा दुकानातील खेळणी परवडत नाहीत म्हणून कोणी खंत करू नये.

आपले स्वयंपाकघर काय कमी आहे? पोळ्या लाटताना मुलाच्या हाती कणकेचा गोळा द्यावा. डोळे मिटून जिरे, हिंग, आले यांचा वास ओळखावयास सांगावे. पिशवीत लिंबू, चमचा, करवंटी व रेशमी चिंधी घालून हाताने चाचपावयास लावावे. एकसारखे सहा डबे घ्यावेत. दोहोंत रवा, दोहोंत तांदूळ, दोहोंत राजमा, आणि नादावरून जोड्या लावू द्याव्यात. डब्यांची झाकणे मात्र पक्की असावीत, कारण दाणा नाकात-कानात घालण्याची विद्या मुलांस कोणी शिकवावी लागत नाही. मूल चुकले तर लगेच सुधारू नये; पुन्हा वाजवू द्यावे. आपण वडील माणसे फार उतावीळ. घर खराब होते ही तक्रार आजीबाईंकडून येणारच. माझ्या घरीही आली.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की तो भलतेच उत्तर देई. हाक मारली तर ढुंकून पाहत नसे. मी त्यास उद्धट ठरविले आणि शिक्षा म्हणून अगदी मागच्या बाकावर बसविले. सात महिने तो तेथे होता. एके दिवशी त्याची आई सहज बोलून गेली, “गुरुजी, ह्याचा कान सारखा फुटतो. घरीसुद्धा पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाही.” जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यांस छिद्रे होती. ज्यास ऐकू येत नव्हते त्यासच मी सर्वांत दूर बसविले होते. पुढे तो पहिल्या बाकावर आला आणि बेरजा-वजाबाक्या नीट करू लागला. पण मी त्याची क्षमा मागितली नाही. शिक्षकास तसे सुचत नसे.

घरी कोणी तो डब्यांचा खेळ त्याच्याशी खेळले असते, तर हे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच ध्यानात आले असते. म्हणून मातांना माझी विनंती आहे : डबा कधी मुलाच्या पाठीमागेही वाजवून पाहावा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मूल वारंवार वळत नसेल तर रागावू नये, कानात तेल तर मुळीच ओतू नये, डॉक्टरांस दाखवावे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांची विनामूल्य तपासणी होते; त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये.

भोजनास अजून अर्धा तास आहे. आमच्या सौभाग्यवतींनी ते सहा डबे आणि पिशवी पलीकडच्या खोलीत मांडून ठेवली आहे. ज्यांची मुले मांडीवर कंटाळली असतील, त्यांनी खुशाल तिकडे न्यावीत.