फोनमधला आवाज हाही पुरावा

(लातूर येथे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



नवऱ्याची धमकी पूर्वी चार भिंतींच्या आतच विरून जायची. बाईने तोंड उघडले की पोलीस, पंच, कधी माहेरचेसुद्धा विचारायचे, 'पुरावा काय?' आज तीच धमकी पुष्कळदा तिच्या फोनमध्ये येऊन पडते. व्हॉट्सॲपवर २०१३ साली आवाजाचे निरोप सुरू झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांना ही सोय जवळची वाटली. मुखेड-कंधारकडची आई पुण्याला गेलेल्या लेकीला बोलूनच निरोप धाडते. पण शिव्या, पैशाची मागणी, 'परत आलीस तर बघ', हेही त्याच वाटेने येते.

बाई ते पुसून टाकते. लाज वाटते, पोरं ऐकतील अशी धास्ती असते. तिला दोष देऊ नका. पण पुसण्याआधी ती आपल्यापर्यंत पोहोचली पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. तो आवाज या छळाची खूण आहे.

हा पुरावा कोर्टात कसा टिकतो? जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जुन्या पुरावा कायद्याखाली निकाल दिला. मूळ यंत्र मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रत दिली तर लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहे, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. एवढा खटाटोप गरीब बाईला कुठून जमणार? म्हणून तिचा मूळ फोन मोलाचा. तो विकू नये, बदलून नवा घेऊ नये.

पाठवणारा आपला निरोप दोन दिवसांहून थोडा अधिक काळ दोन्हीकडून पुसू शकतो. म्हणून त्याच दिवशी तो दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा. तिचे व्हॉट्सॲप नवऱ्याच्या यंत्राला जोडलेले नाही ना, हे 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये पाहा. आणि तिचा आवाज, तिची गोष्ट तिला विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

पण फोन तिचा असेल तर! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५४ टक्के बायांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. उरलेल्यांचा पुरावा मारणाऱ्याच्याच खिशात असतो. म्हणून बाईच्या हाती तिचा स्वतःचा फोन असणे ही चैन नव्हे, तिच्या सुरक्षिततेची बाब आहे. बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्या.

शेवटचे एक. मार सुरू असताना निरोप ठेवून कुणी धावून येत नाही; कार्यकर्ती तो सकाळी ऐकते. व्हॉट्सॲपवरून ११२ लागतही नाही. साध्या फोनवरून ११२ किंवा १८१ लावायचा, हे प्रत्येक बाईला पाठ झाले पाहिजे. आवाज जपायचा तो नंतरच्या न्यायासाठी. आधी जीव वाचवायचा.