देवाची खोडी, दासीला सूळ

ठक म्हटला की कोल्हा, ससा किंवा बिरबल आठवतो. भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून निसटणारी म्हातारीही त्याच कुळातली. तिने वाघाला थाप मारली म्हणून तिला कोणी खोटारडी म्हणत नाही. दुबळ्याची युक्ती लोककथेने नेहमीच क्षम्य मानली आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या आख्यायिकेत मात्र हा हिशेब उलटतो. येथे खोडी खुद्द देवाची, आणि तिची किंमत मोजण्याची पाळी दासीवर.

गोदाकाठची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास आली आणि नामदेवांच्या घरी राबली. तिच्या जात्याच्या खुंट्याला पहाटे दुसरा हात लागे तो विठ्ठलाचा, असे परंपरा सांगते. एकदा राऊळात परतण्याच्या घाईत देव तिची वाकळ पांघरून निघाला आणि आपले पदक तिच्या खोपटात विसरला. विसरला की ठेवून गेला, हे त्याचे त्यालाच ठाऊक!

सकाळी बडव्यांनी पाहिले, तो पदक नाही आणि देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ. दासी चोर असेल, हे पटायला त्यांना क्षणही लागला नाही. देव दळायला गेला असेल, हे मात्र सुचलेही नाही. एका खोडीने पाहणाऱ्यांचीच नजर उघडी पडली. जनीला सुळावर देण्याचे ठरले आणि त्या सुळाचे पाणी झाले, असे कथा सांगते.

महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजया’त संतांच्या अशा कथा ओवीबद्ध केल्या. भाविकांना त्यांत लीला दिसते, आणि ते चूक नव्हे. परंतु धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही कथा निराळी ऐकू येते. मालकिणीची अंगठी दिसेनाशी झाली की आधी तिची पिशवी उलटी केली जाते. अंगठी पुढे गादीखाली सापडते, तेव्हा तिला बोलावून तसे सांगण्याची तसदीही कोणी घेत नाही. सुळाचे पाणी तिच्या वाट्याला येत नाही.

जनीची आणखी एक कथा आहे. तिच्या गोवऱ्या दुसरीच्या गोवऱ्यांत मिसळल्या आणि भांडण जुंपले. त्या वेळी कबीर तेथे आले होते म्हणतात. कोणाच्या कोणत्या, हे ओळखावे कसे? जनी म्हणाली, कानाला लावून पाहा. ज्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू येईल त्या माझ्या. कबीरांनी दासीचे म्हणणे ऐकून घेतले आणि एक गोवरी उचलून कानाला लावली.